चौथी जाळी

१

चव्वेचाळीस सालच्या वैशाखात तासगावच्या सिकंदरने हंबीरतात्यांच्या दारात बैलगाडीतून चार गॅसबत्त्या उतरवल्या. काचा लख्ख पुसलेल्या, पितळी टाक्या चिंचेने घासलेल्या. फक्त काचेच्या आत जिथं जाळी लोंबायला पाहिजे, तिथं काही नव्हतं.

"जाळी कुठाय?" तात्यांनी विचारलं.

"जाळी जर्मनीत," सिकंदर म्हणाला. "लढाई सुरू झाल्यापास्नं येक डबा आला न्हाई. तासगाव पालथं घातलं, सांगली झाली. मिरजेत एकाकडं दोन हुत्या, तर गडी म्हनतुया, गव्हाचं पोतं आन. माज्याकडं गव्हाचं पोतं असतं तर म्या बत्त्या भाड्यानं दिल्या असत्या व्हय, तात्या? बसून पोळ्या खाल्ल्या असत्या."

"मंग नवरीला काय काजव्यांच्या उजेडात उभी करू? गोरज मुहूर्त हाय. अक्षता पडूस्तवर अंधार हुतुया."

"तुमचा पुतन्या कालिजात हुता न्हवं? त्येला लावा की कामाला."

"कालीज सोडून दोन वर्सं झाली. आता निस्तं खाया शिकलाय."

पुतण्या तिथंच, ओसरीच्या कडेला बसला होता. बेचाळीसच्या ऑगस्टात सयाजी सांगलीच्या कॉलेजातून बाहेर पडला, सरकारच्या तारा तोडल्या, नऊ महिने तुरुंगात काढले आणि सुटल्यावर परत वर्गात जाऊन बसला नाही. आईबाप लहानपणीच गेलेले. चुलत्याच्या घरात जेवायचं म्हणजे घासागणिक एक टोमणा गिळायचा. आजचा मात्र त्याने गिळला नाही.

"मी करतो जाळ्या," तो म्हणाला.

कॉलेज सोडताना त्याने प्रयोगशाळेतून दोन बाटल्या उचलल्या होत्या, एक थोरियमच्या क्षाराची आणि एक सीरियमच्या. का उचलल्या हे त्यालाही सांगता आलं नसतं. रागात माणूस हाताला लागेल ते उचलतो. त्रावणकोरच्या समुद्रकाठच्या वाळूतून निघणारे हे क्षार, आणि बत्तीची जाळी म्हणजे त्यांचंच काम. पातळ कापड त्यांच्या पाण्यात भिजवायचं, वाळवायचं, पिशवी शिवून बत्तीला बांधायची आणि पेटवून द्यायची. कापड जळून जातं. राख तेवढी कापडाच्या आकारात लोंबत राहते, आणि उजेड देते ती ही राख. शंभरातले नव्व्याण्णव भाग थोरियम. त्या नव्व्याण्णवांना म्हणावा असा उजेड नसतो. शंभरावा भाग सीरियमचा पडला की डोळे दिपतात. सयाजीने सोनाराचा काटा मागून आणला आणि गुंजांनी वजन केलं. नव्व्याण्णव गुंजा ह्याच्या, एक त्याची.

राहिलं कापड. पाहिजे होतं नकली रेशीम, आणि लुगड्यासाठी कूपन घेऊन रांगेत उभं राहायच्या त्या दिवसांत ते कुठून आणणार? तेव्हा विजयमाला वहिनीने आपली ट्रंक उघडली.

विजयमाला ही तात्यांच्या मुलाची, बाळासोची बायको. बाळासो पलटणीत नाईक, इटलीच्या आघाडीवर. लग्न होतं ते त्याच्या बहिणीचं, शालूचं. मागच्या रजेवर येताना त्याने मुंबईहून गळ्याला गुंडाळायचा नकली रेशमाचा एक मोतिया रुमाल आणला होता, आणि अख्खी रजा तो गळ्यात घालून गावभर मिरवला होता. निघताना रुमाल घरी राहिला तो राहिलाच.

"घ्या भावजी. आल्यावर दुसरा आनतील."

"धुऊन घ्यायला पायजे, वैनी."

तिने रुमाल सोडला नाही. "तुमाला धुवायचा आसंल तर धुवा."

घामातलं मीठ जाळीत गेलं तर उजेड पिवळा पडतो, हे सयाजीला पक्कं ठाऊक होतं. पण तिने तो रुमाल ज्या तऱ्हेने हातात धरला होता, ते बघून त्याने तो धुतला नाही.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी रुमालाच्या चार पिशव्या बळदात दोरीवर वाळत होत्या. बळद म्हणजे माजघरामागची धान्याची खोली. तिला खिडकी नाही. दार लोटलं की भर दुपारी आपला हात आपल्याला दिसत नाही. अंगणात पाच सवाष्णी घाणा भरत होत्या. मुसळाला हळकुंड बांधलेलं, आणि पहिला हात विजयमालेचा, कारण नवरीची वहिनी ती. कुणीतरी नाव घ्यायला लावलं आणि ती पदर तोंडाला लावून हसत होती.

त्याच वेळी टपालवाला सायकलवरून तार घेऊन आला.

तात्या पहिल्या लढाईतले हवालदार. इंग्रजी त्यांना सहीपुरतंही येत नव्हतं, पण असले कागद कशासाठी येतात हे ते बसऱ्यापासून ओळखून होते. ते उठले नाहीत. सही करून पाकीट सयाजीनेच घेतलं आणि सवयीने फोडलं. दोन ओळी होत्या. नाईक बाळासो लढाईत कामी आला. सरकारला खेद वाटतो. दोन वर्षांमागे आपण तोडलेल्या तारा सरकारने किती चोख जोडल्यात, हा एक खुळा विचार त्याच्या मनात आला आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली.

"वाचू नगंस," तात्या म्हणाले.

"वाचली."

"मोठ्यानं वाचलीस का?"

"न्हाई."

"मंग कुनी ऐकली न्हाई." त्यांनी कागद त्याच्या बोटांतून काढून घेतला, पाकिटात घातला आणि पाकीट कोटाच्या आतल्या खिशात. "सुतक ऐकल्यावर लागतं. म्या काय ऐकलं न्हाई."

"तात्या, बाळूदादा..."

"नाव घिऊ नगंस!" आवाज चढला नव्हता, अंगणातल्या बायकांना वाटलं असतं चुलता-पुतण्या मांडवाचं बोलताहेत. "शालीचं दोनदा मोडलंय. आप्पासो जावायाची रजा पंधरा दिसांची, त्यातलं आठ गेलं. आता सुतक धरलं तर लगीन वरीसभर फुडं. आन् वरसानं त्यो तरी लढाईस्नं माघारी येतुया का? तू हमी घितुस?"

"आन् वैनी?"

तात्यांनी अंगणाकडे बघितलं. "तिला कपाळभर कुक्कू लावून हिंडाय अजून पाच दिस मिळत्यात. तेवढं बी काढून घितुस तिचं?"

ह्या म्हाताऱ्यांची हीच कला. धर्मातली प्रत्येक फट त्यांना पाठ असते, आणि त्या फटीतून स्वतः पलीकडे गेल्यावर ते ओझं तुमच्या डोक्यावर ठेवून जातात, वर दयेचं नाव देऊन. साऱ्या घरात सुतक एकट्या सयाजीला लागलं होतं. त्याने कशाला शिवायचं नव्हतं, आणि त्याच्या हातची राख लग्नाच्या मांडवात उजेड पाडणार होती.

लग्नाआधी वहिनीला सांगायचं. सगळ्या गावादेखत तिला सवाष्ण म्हणून नाचवू द्यायचं नाही. त्याने उभ्या उभ्या ठरवलं, आणि पहिला दिवस तसाच गेला.

३

जाळ्या जाळायला सिकंदर आणि तो त्याच दुपारी बळदात बसले. वारा लागला तर राख झडते, म्हणून दार लोटलेलं. पहिली पिशवी पेटवली. ती काळी झाली, आकसली, मग पांढरी पडली. सिकंदरने पंप मारला, चावी फिरवली, सूंऽऽ असा आवाज सुरू झाला आणि बळदाच्या भिंतीवरच्या कोळ्याच्या जाळ्याचे धागेसुद्धा मोजता येतील असा उजेड पडला.

"आयला! जर्मन झक मारतोय तुज्याफुडं," सिकंदर म्हणाला. "पिवळा न्हाई, लाल न्हाई. लढाई सपली की आपुन दुकान टाकू, गड्या. तू राख कर, म्या हवा भरतो."

दुसरी झाली, तिसरी झाली. चौथी पिशवी रुमालाच्या मधल्या भागाची होती, जो गळ्याभोवती असायचा. तीही तशीच जळली, तशीच पेटली. एकच गोष्ट सयाजीने टिपली. मीठ होतं तर उजेड पिवळा पडायला हवा होता. ह्या चौथीचा उजेड उलट जरा हिरवट होता, पहाटे पूर्वेला असतो तसा.

सिकंदर जेवायला गेला. सयाजीने चारही बत्त्यांची हवा सोडली. तीन जाळ्या विझल्या. अंधारात त्याने दाराकडे हात नेला आणि त्याला आपला हात दिसला.

चौथी जाळी विझली नव्हती.

उजेड कमी होता, चुन्याच्या भिंतीवर चांदणं पडावं इतकाच. त्याने चावी तपासली, बंद होती. काचेला बोट लावलं. काच कोमट होती, मग गार झाली. उजेड तेवढाच राहिला. दिपलेल्या डोळ्यांत खूण राहते, म्हणून तो डोळे मिटून शंभर आकडे मोजत बसला. शंभरावर डोळे उघडले तर जाळी तशीच. आणि आवाज. टाकीत हवा नव्हती, तरी कुठूनतरी सूंऽऽ चालू होतं, बारीक. एकसारखं नव्हतं ते. थोडं चालायचं, थांबायचं, परत चालायचं.

कानात घर केलंय, तो स्वतःशी म्हणाला, आणि दार लोटून बाहेर आला.

४

शिकलेल्या माणसाकडे भीतीवर एकच औषध असतं, कारण शोधायचं. काही क्षार उजेड पिऊन ठेवतात आणि अंधारात सावकाश सोडतात, हे त्याने पुस्तकात वाचलं होतं. त्यात कणभर भेसळ असावी लागते. घामात काहीही असू शकतं. ठीक. प्यायलेला उजेड संपतोही. त्याने बत्तीतली रॉकेलची टाकी रिकामी केली आणि बत्तीवर तांब्याचं मोठं घंगाळ पालथं घातलं. दुसऱ्या दिवशी दुपारी घंगाळ उचललं. उजेड कालच्याइतकाच होता.

मग ऊब. ऊब लागली की असले क्षार जास्त उजळतात, असंही वाचलं होतं. त्याने काच काढून जाळीजवळ तळहात धरला. जाळी उजळली नाही, मंदावली. हात मागे घेतला, परत आली. तीनदा केलं, तीनदा तेच. म्हणजे ह्या क्षाराला ऊब सोसत नाही, त्याने ठरवलं आणि त्याला बरं वाटलं.

तेवढ्यात दार ढकलून चंद्राकाकी आली, बाळासोची आई. तिच्या हातात घमेलं, घमेल्यात चुलीतले निखारे, धान्याला धुरी द्यायला आणलेले. त्या निखाऱ्यांची धग सयाजीला चार हातांवर लागली. त्याच्या हिशोबाने जाळी आता विझायला हवी होती. ती उलट भडकली. काकीचं सगळं तोंड, कपाळावरच्या गोंदणासकट, उजळलं.

"मालीव की ती बत्ती, मुडद्या!" काकी म्हणाली. "भर दुपारी जाळतुया. रॉकेल काय वड्याला वाहतंय?"

"मालवतो, काकी."

ती धुरी देऊन गेली. जाळी हळूहळू पहिल्यासारखी झाली. सयाजी पोत्यावर बसून राहिला. धगीने वाढत नाही, धगीने कमी होत नाही. मग माझ्या हाताला काय झालं?

तासाभराने तात्या आले, तांदळाचं पोतं बघायला. त्यांचं पाऊल उंबऱ्याच्या आत पडलं आणि जाळी विझली. मंदावली नाही, फुंकर मारल्यासारखी गेली. आवाजही गेला.

"अंधारात काय बसलाईस, घुबडावानी?"

"डोकं दुखतंय."

"दुकंल न्हाई तर काय. लय शिकल्याला." तात्यांनी चाचपडत पोत्याच्या तोंडाची दोरी ओढून बघितली आणि ते बाहेर गेले. त्यांची पावलं माजघर ओलांडून ओसरीवर पोचली असतील नसतील, आणि अंधारात मधोमध पहिल्यांदा एक ठिपका आला, मग पिशवीचा आकार.

सयाजीला जे सुचलं ते त्याने मनातल्या मनातसुद्धा पुरतं म्हटलं नाही. तारेतलं एक वाक्य ठाऊक असलेली ह्या घरात दोनच माणसं होती.

५

हळदीच्या दिवशी तो सांगायला गेला. उद्या लग्न, आज नाही तर नाही. वहिनी घरात कुठं दिसेना. स्वयंपाकघरात काकी म्हणाली, "आसंल बळदात. दोन दिस झालं, सारखी बळदात. कवा गहू आन, कवा डाळ आन."

बळदाचं दार लोटलेलं होतं. खालच्या फटीतून उजेडाची एक रेघ माजघराच्या जमिनीवर आली होती, मांजर चालून गेलं तर पाय उजळतील इतकी. त्याने दार ढकललं.

विजयमाला भिंतीला टेकून बसली होती, पाय पसरून, मांडीवर सूप. सुपात तांदूळ होते आणि ती निवडत होती. समोर खुंटीला चौथी बत्ती. एवढा उजेड त्या जाळीने पंपावर असतानाही दिला नव्हता, आणि डोळ्यांना तो खुपत नव्हता. सूंऽऽ चालू होतं. आता ते दमाने, लांब लांब चालू होतं.

सयाजी आत आला तसा उजेड थोडा उतरला. विजयमालेने मान वर करून पाहिलं, जशी एखादी आई दार वाजवणाऱ्याकडे बघते.

"वैनी, एक सांगायचंय. परवा तार..."

"हळू बोला, भावजी," ती म्हणाली. "आत्ता कुठं डोळा लागलाय."

"कुनाचा?"

ती हसली. लाजली, असं म्हटलं तरी चालेल. तिने सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"वैनी, ही निस्ती राख हाय. मी केलीया, माझ्या हातांनी. त्यात घामातलं कायतरी उतरलंय, आन् म्हनून..."

"असूं दे की. म्या काय इचारलं का तुमाला?" मग एकदम, डोळ्याला डोळा देऊन: "तुमी तारेचं काय म्हनत हुता?"

आवाज थांबला. टाकीतला, बत्तीतला, जो काय होता तो. झोपलेला माणूस कानोसा घेताना श्वास धरतो, तसा.  सांगायचं होतं ते सगळं जिभेवर होतं, दोनच ओळी.

"मांडवाच्या तारेचं," तो म्हणाला. "बांबूला बांधायला तार कमी पडलीया."

"पत्र्याच्या डब्यात बगा," विजयमाला म्हणाली, आणि परत तांदूळ निवडायला लागली.

६

लग्नाला तीन बत्त्या पुरतील, चौथी बळदातच राहू दे, असं सयाजीने सिकंदरला सांगून ठेवलं होतं. पण फलटणकडचं वऱ्हाड उतरलं, वाजंत्री सुरू झाली, मांडवात रेटारेटी झाली, आणि कुणाचा तरी धक्का लागून एक बत्ती खाली आली. राखच ती, कोसळली.

"चौथी आना!" तात्या ओरडले.

सयाजी बोहल्याजवळ अडकला होता. तो गर्दीतून निघेपर्यंत सिकंदर बत्ती घेऊन आलाही होता, लांब धरून, लहान पोर मुतल्यावर धरतात तशी.

"सयाजी," तो कानाशी म्हणाला, "हिच्यात रॉकेल भरलंयस?"

"न्हाई."

"हलकी लागली म्हनून टाकी हलवून बगितली. कोरडी हाय." त्याने ती बांबूच्या आकड्याला अडकवली आणि हात धोतराला पुसले. "म्या काय इचारत न्हाई. सकाळी माज्या तीन मी घिऊन जातू. ही तुलाच ठिव."

दिवस मावळला. अंतरपाट निघाला, अक्षता पडल्या. शालू हारात बुडून गेली होती. नवरा आप्पासो, लान्स नाईक, ताठ उभा, परेडवर असल्यासारखा. त्या हिरवट उजेडात सगळे बरे दिसत होते, तात्यासुद्धा. ते मात्र त्या बत्तीपासून दूर, मांडवाच्या पार टोकाला उभे होते, आणि दर वेळी जवळ यायला लागले की बत्ती लुकलुकायची आणि ते परत मागे सरायचे. त्यांच्या ध्यानात आलं होतं की नाही कोण जाणे.

मग कानपिळी. नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा, आणि नवऱ्याने त्याला फेटा द्यायचा. सख्खा भाऊ हजर नाही म्हणून चुलत भाऊ पुढे झाला. सयाजीने आप्पासोचा उजवा कान धरला. बायका ओरडल्या, "पीळ रं, दे चांगला!" त्याने पिळला. आप्पासो हसला, मग त्याचं तोंड कसनुसं झालं.

"आवं, फुरं की," तो म्हणाला. "दोनी बाजूंनी व्हय? फेटा एकच ठरलाय."

त्याचे दोस्त फिदीफिदी हसले. सयाजीने हात कधीच सोडला होता.

आप्पासोने मान डावीकडे वळवली. तिथं कुणी नव्हतं. बोहल्याची कड आणि पलीकडे मोकळी जागा. त्याने डावा कान चोळला आणि हसू तोंडावर तसंच धरून ठेवलं, शिपाई धरतात तसं. कानाच्या पाळीला पांढरी भुकटी लागली होती. बोटांच्या चिमटीएवढी. त्याने मान हलवली, पाळी फेट्याच्या सावलीत गेली, आणि सावलीत ती भुकटी दिसतच राहिली.

विजयमाला समोर उभी होती, हातात शकुनाचा करा घेऊन. ती सयाजीकडे बघून हसत होती असं कुणालाही वाटलं असतं. सयाजीलाही क्षणभर तसंच वाटलं. मग त्याला कळलं की तिची नजर त्याच्या जरा बाजूला आहे, आणि त्याच्या डोक्याच्या वीतभर वर. बाळूदादा त्याच्यापेक्षा वीतभर उंच होता.

७

शालू दुसऱ्या दिवशी सकाळी फलटणच्या गाडीत बसली. धूळ खाली बसली, पाहुणे जेवले, आणि दुपारी तात्यांनी कोटाच्या खिशातून पाकीट काढलं. त्यांनी ते कणकेच्या खळीने परत नीट चिकटवलं होतं.

"सयाजी, तार आलीया. वाच बगू काय म्हनतीया."

ओसरीवर भावकीतले चारदोन म्हातारे होते.  सयाजीने पाकीट दुसऱ्यांदा फोडलं आणि मोठ्याने वाचलं, आधी इंग्रजीत, मग मराठीत. पाच दिवस दाबलेल्या दोन ओळी वाचायला अर्धं मिनिट लागलं. तात्यांनी कपाळ बडवून घेतलं, बरोबर त्या जागी जिथं बडवायला पाहिजे. नाटक होतं ते. आणि डोळ्यांतून आलेलं पाणी खरं होतं. म्हाताऱ्यांचं हेच सहन होत नाही. त्यांचं खोटं सोलून बघावं तर आत खरं निघतं.

आत काकीने हंबरडा फोडला. मग बायकांची धावपळ, मग "विजी कुठं हाय?" आणि "बळदात." दोन शेजारणींना घेऊन काकी बळदात गेली. कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या. ते काम बायकांचं. सयाजी माजघरात उभा राहिला. रडण्याचा आवाज येत होता, मग तो एकदम थांबला. तिघींचाही.

"निघंना," आतून काकी म्हणाली.

कपाळावर पदर घासल्याचा आवाज आला.

"आगं निघंना ही. पूस तू. तू पूस बगू."

सयाजी वाकून आत गेला. खुंटीवरची बत्ती काळी होती. काचेच्या आत जाळी नव्हती, राखसुद्धा नव्हती. आत अंधार होता, आणि अंधारात रुपयाएवढा उजेड, माणूस बसल्यावर कपाळ जितक्या उंचीवर येतं तितक्या उंचीवर. त्या उजेडात विजयमालेच्या भुवया आणि नाकाचा शेंडा दिसत होता. काकीने पदराचा बोळा करून परत एकदा पुसलं. पदराला उजेड लागला. काकीच्या बोटांना लागला. कपाळावरचा होता तेवढाच राहिला. शेजारणी भिंतीला चिकटल्या होत्या. आणि चौघींच्या श्वासांत पाचवा एक श्वास होता, दमाने, लांब लांब.

विजयमाला रडत नव्हती. तिने त्या उजेडातून सयाजीकडे बघितलं.

"भावजी, तार कवा वाचली तुमी?"

 पाचवा श्वास थांबला.

खरं सांगितलं असतं तर काकीला कळलं असतं की नवऱ्याने पोटच्या पोराचं मरण पाच दिवस खिशात ठेवून जिलब्या वाढल्या. शेजारणींकडून ते संध्याकाळपर्यंत वेशीवर गेलं असतं, चार दिवसांत फलटणला. सुतकात लागलेलं लग्न, म्हणून शालू परत आली असती. ही सगळी कारणं खरी होती. त्याने ती एकेक करून बघितली, आणि त्या कारणांना तात्यांच्या कोटाचा वास येत होता. तरीही त्याने त्यांतलंच एक उचललं.

"आत्ताच, वैनी," तो म्हणाला. "आत्ता, सगळ्यांच्या म्होरं."

कपाळावरचा उजेड गेला. पदरावरचा गेला, काकीच्या बोटांवरचा गेला. सिकंदर चावी बंद करतो तसा एका फिरकीत.  अंधारात बांगडी फुटल्याचा आवाज आला, मग दुसरी. कुणी तिच्या फोडत नव्हतं. तीच जमिनीवर हात आपटत होती.

सयाजीच्या अंगाला घासून काहीतरी गार दाराकडे गेलं. बळदाचं दार ठेंगणं. उंच माणसाला वाकावं लागतं. वाकताना कपडे सळसळतात, तेवढं ऐकू आलं. माजघरातून पावलं अशी ऐकू आली नाहीत, पण एकामागून एक सुट्या फरशा ज्या तऱ्हेने वाजल्या त्यात घाई नव्हती.

तो मागोमाग ओसरीपर्यंत आला. उन्हाने अंगण पांढरंफटक पडलं होतं. भावकीतले म्हातारे खाली बघून बसले होते. तात्या खांबाला टेकले होते, पाय वाटेत पसरून. गावच्या पाटलासाठीसुद्धा त्यांनी ते कधी जवळ घेतले नव्हते. त्यांनी ते आखडून घेतले, कुणाला तरी वाट द्यावी तसे, आणि मान सावकाश अंगणाच्या फाटकाकडे वळत गेली.

"जेवून तरी जा रं," तात्या म्हणाले.